गोट्याखालची चप्पल

परवा सकाळी मूल गावाजवळच्या जंगलातून जाताना गाडीच्या काचेवर टपकन एक मोहफूल पडलं. वायपर लावला तर निघेना. फरफटत गेलं आणि काचेवर एक चिकट रेघ ओढून कडेला जाऊन बसलं. एक काळ असा होता की ह्या गाडीवर चिमणीनं घाण केली तरी माझं डोकं फिरायचं. परवा मात्र मी गाडी बाजूला घेतली, चारही काचा खाली केल्या आणि तो वास आत येऊ दिला. गोड, थोडा आंबूस, डोक्यात चढणारा. म्हणजे चैत्र आला. आणि चैत्र आला की मला बाईची चप्पल आठवते. तीन वर्षं झाली, एक चैत्र चुकलेला नाही.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. आई गेली तेव्हा मी नीट चालतही नव्हतो आणि बाई चौदा वर्षांची होती. आरमोरीहून आत गेलं की आमचं गाव, आणि गावाला लागून तलाव. तलाव म्हणजे आमचं शेत, आमचं दुकान, सगळं तेच. बाबा जाळं टाकायचे, बाई टोपली डोक्यावर घेऊन आरमोरीच्या बाजारात बसायची. त्या टोपलीवर मी शिकलो. ह्यात मोठेपणा सांगण्यासारखं काही नाही, गावोगावी अशा बहिणी असतात. फक्त त्यांच्या भावांनी ते विसरायचं नसतं, एवढंच.

मी चंद्रपुरात राहतो. माजरीच्या बाजूला खाणींच्या भागात माती उपसायची यंत्रं भाड्यानं देतो. दिवसभर धुळीत उभं राहायचं आणि संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा, असला धंदा. अशा माणसानं गाडी कसली घ्यावी? उंच, दणकट, चिखलात फसली तर ट्रॅक्टरनं ओढून काढता येईल अशी. मी घेतली बसकी, लांबट, पांढरीशुभ्र स्पोर्ट सेडान. आतल्या सीटा दुधावरच्या सायीच्या रंगाच्या. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगितलं की लोक उगाच घसा साफ करतात.

नागपूरच्या शोरूममध्ये त्यांनी गाडीवर लाल मखमली कापड टाकून ठेवलं होतं. मी आणि बायकोनं दोन टोकं धरून ते ओढायचं, मग टाळ्या, मग पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली हातात धरून फोटो. सुनंदा, म्हणजे माझी बायको, फोटोत हसली आणि कानाशी येऊन म्हणाली, "अहो, ही गाडी आहे का दागिना? घालून जायचं कुठी?" मी तिला म्हटलं, गप बस. सेल्समन मला एक बटण दाखवत होता. ते दाबलं की गाडी गुरगुरते, सीट पाठीला धरते आणि काटा सरसर वर चढतो. चंद्रपूर ते मूल रस्त्यावर जागोजागी वाघाच्या चित्राची पाटी आणि खाली 'वाहने सावकाश चालवा'. तीन वर्षांत ते बटण मी एकदाच दाबलं आहे. अर्ध्या मिनिटात समोर रस्ताभर गाई बसलेल्या, रवंथ करत. हॉर्न वाजवला तर एकीनं फक्त कान हलवला.

मग घेतली कशाला? खरं सांगू का, वासासाठी. हसू नका. शाळेत माझ्या बाकावर कोणी बसत नसे. अंगाला मासोळीचा वास येतो म्हणत. मी तलावावर अंघोळ करायचो, साबण घासून घासून कातडं लाल करायचो, तरी म्हणत. पुढे पैसा आला, बंगला आला, लोक साहेब म्हणू लागले, पण कोणी जवळ येऊन बसलं की माझा हात अजून आपोआप शर्टाच्या कॉलरकडे जातो. त्या गाडीत पहिल्यांदा बसलो आणि दार बंद झालं. आवाज नाही, नुसतं 'भप्प'. आणि आत तो नव्या चामड्याचा वास. मला वाटलं, आता सुटलो. चाळिशी केव्हाच उलटलेला माणूस मी, आणि असं वाटलं.

बाईला फोनवर सांगितलं तर तिनं पहिला प्रश्न विचारला, "पहिला पाय कोनाचा पडला?"

हे तुम्हाला सांगावं लागेल. आमच्या घरात नवा डोंगा, म्हणजे आमची लाकडी होडी, पाण्यात उतरला की त्यात पहिलं पाऊल घरातल्या मोठ्या बाईचं. बाबा खांदा देऊन डोंगा ढकलायचे, पण चढायचे नाहीत. आधी बाई चढायची, तलावाचं ओंजळभर पाणी डोंग्याच्या नाकावर घालायची, मग बाकीचे. आणि चढायचं अनवाणी. नव्याच नाही, जुन्या डोंग्यातही कोणी कधी चप्पल घालून पाय ठेवला नाही. ज्यात बसून पोट भरतं त्यात चप्पल कशी ठेवायची? चपला पाळीवर काढायच्या, म्हणजे तलावाच्या बांधावर, आणि कुत्र्यानं ओढून नेऊ नयेत म्हणून वर एक गोटा ठेवायचा. डोंगा कुठे जाणार? फिरून फिरून त्याच पाळीला लागणार. परत आलं की गोटा उचलायचा, चप्पल घालायची, घरी जायचं. लहानपणी माझ्या चपलांवर गोटा बाईच ठेवायची. मी विसरायचो.

मी फोनवर म्हटलं, "तुझाच पाय पडंल बाई. पल्लवीच्या साक्षगंधाला मी स्वतः न्यायला येतो." पल्लवी आमची एकुलती एक पोरगी. तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, त्या चैत्रात चंद्रपूरला ठरलं होतं. गाडी तोवर महिनाभर फिरली होती आणि तिच्यात सगळ्यांचे पाय पडून झाले होते. ते मी बोललो नाही.

गेलो त्या दिवशी. पहाटेच निघालो होतो, पोचलो तेव्हा बाया मोह वेचून परत येत होत्या. झाडांखाली पाचोळा जाळून जमीन काळी केलेली आणि त्या काळ्यावर उरलीसुरली पिवळी फुलं. तलाव आटला होता, कडेचा गाळ भेगाळला होता, मध्ये पाणी चकाकत होतं. डांबरी रस्ता पाळीपाशी संपतो. तिथे एक मोठा मोह आहे. पाळीवरचा रस्ता कच्चा, मधोमध उंचवटा. ह्या गाडीचं पोट घासलं असतं, म्हणून मी मोहाखालीच गाडी लावली आणि बाईला फोन केला की तूच ये.

आली. नवी हिरवी नऊवारी, हातात तांब्या, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. गाडीभोवती एक फेरी मारली. "अगा माय," म्हणाली, "हे त जमिनीले टेकून हाय! डोंग्यावानीच दिसते रे बाबू." मी हसलो. तांब्यात तलावाचं पाणी होतं आणि पदराच्या टोकाला हळदकुंकू. ती बॉनेटवर पाणी घालायला गेली तर मी हात आडवा केला. "बाई, रंगावर नको. डाग पडतो. चाकावर घाल." तिनं चाकावर घातलं. कुंकूही टायरलाच लावलं, रबराला, जिथे ते दिसतही नव्हतं.

"ह्या गाठोड्यात काय आहे?"

"झिंगे हायेत. पल्लवीले आवडतात ना. चांगले कडक वाळवले."

वाळलेले झिंगे. बंद गाडी, सायीच्या रंगाच्या सीटा, आणि अडीच तासांचा रस्ता. मी काही बोललो नाही, देवाशपथ नाही बोललो. पण चेहऱ्यावर आलं असणार. बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "राहू दे, पुढच्या खेपेले नेऊ," आणि एवढ्या उन्हात पाळीवरून परत घरी जाऊन ते गाठोडं ठेवून आली. मी एसी लावून बसून राहिलो. तिच्या सीटवर मी घरून आणलेली जुनी चादर अंथरून ठेवली होती, ती सारखी केली.

मग ती बसायला आली, आणि दारापाशी थांबली. चप्पल काढली. साधी रबराची चप्पल, एक अंगठा दोऱ्यानं शिवलेला. ती तिनं मोहाच्या बुंध्याशी नीट जोडून ठेवली. इकडेतिकडे पाहून एक गोटा आणला आणि चपलेवर ठेवला. मग अनवाणी पाय आत घेतला, उजवा आधी.

"संध्याकारी येतोच ना परत आपुन?" तिनं विचारलं.

"हो, सोडतो ना परत."

हे सगळं मी आरशात पाहिलं. चप्पल पाहिली, गोटा पाहिला. मला कळलं होतं ती काय करते आहे ते. जगात कोणाला नसतं कळलं, पण मला कळलं होतं. मी म्हणू शकत होतो की बाई, चप्पल आत घे, आपण मंगल कार्यालयात उतरणार आहोत. एवढं एक वाक्य. मी नाही म्हटलं, कारण खाली नवी मखमली पायपुसणी होती आणि चपलेला गाळ लागलेला होता. उलट मला बरं वाटलं. गालातल्या गालात हसलोसुद्धा.

दार तिनं जोरात ओढलं, धाडकन. सवय कुठली तिला? मी दचकून म्हटलं, "बाई, आपटू नको! ह्याचं दार हळू लावावं लागते, नाहीतर बिघडते." ती म्हणाली, "हो बाप्पा," आणि हात मांडीवर ठेवून बसली. रस्ताभर तिनं कशालाही हात लावला नाही. मूलला चहाला थांबलो तर उतरली नाही. "मी बसतो इथीच. थंडं लागून राह्यलं चांगलं." मी तिला काचेतून कप दिला, खाली रुमाल धरायला सांगून. मला तेव्हाही वाटलं नाही की ती का उतरत नाही.

चंद्रपूरच्या चैत्रातलं ऊन ज्यांनी खाल्लं नाही त्यांना ते सांगून कळत नाही. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा पाय टाकत नाही. कार्यालयाच्या फाटकाशी एक गतिरोधक होता, कोणा अडाण्यानं डोंगर बांधावा तसा बांधलेला. गाडी त्यावरून गेली आणि खालून 'खर्रर्र' आवाज आला. माझ्या काळजातून गेला तो. आत सिमेंटच्या पटांगणात गाडी लावली, उडी मारून उतरलो आणि पुढे जाऊन गुडघ्यावर बसलो. बंपरच्या खालच्या कडेला बोटभर ओरखडा. मी त्यावर थुंकी लावून पाहिली, रुमालानं पुसून पाहिलं, मोबाइलचा दिवा लावून आत वाकून पाहिलं. पाहुणे येत होते, "काय झालं साहेब?" म्हणत होते, मी त्यांना गतिरोधकाची उंची हातानं दाखवत होतो. किती वेळ गेला कोण जाणे. पाच मिनिटं, सात मिनिटं.

सुनंदाचा आवाज ऐकू आला. "अहो! बाईंच्या पायात काही नाही!"

मी उठलो. बाई गाडीच्या पलीकडे उभी होती. सिमेंटवर, अनवाणी, भर उन्हात. दार उघडं होतं आणि ती दोन्ही हातांनी ते धरून उभी होती. एक पाय उचलायची, दुसरा टेकवायची, मग तो उचलायची. पाच-सहा पावलांवर मांडव होता, सावली होती. ती गेली नव्हती.

"बाई, जायचं ना सावलीत! इथी काऊन उभी राह्यली?" माझ्या तोंडून गावची बोली निघाली.

"दार कसं लावाचं ते समजून नाई राह्यलं बाबू," ती म्हणाली. "हळू लावा लागते म्हणे तू. बिघडलं असतं त मंग?"

सुनंदानं आपल्या पायातली चप्पल काढून तिच्यापुढे ठेवली आणि माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलो नाही. पुढे साक्षगंध झालं. बाईनं पल्लवीची ओटी भरली, हसली, जेवली, व्याह्यांशी बोलली. संध्याकाळी आतल्या खोलीत सुनंदा तिच्या तळव्यांना तेल लावत होती. दोन्ही टाचांना पाण्यानं भरलेले फोड आले होते. मी दारात उभा होतो. बाई मला म्हणाली, "काई नाई रे, ते होतच रायते."

आणि त्या संध्याकाळी मी तिला परत सोडलं का? नाही. पाहुणे होते, दमलो होतो, आणि खरं म्हणजे तो गतिरोधक परत ओलांडायचा, आरमोरीचा रस्ता, खड्डे, ह्या सगळ्याचा विचार करून माझा जीव कसातरी होत होता. सकाळी मी तिला एसटीत बसवून दिलं. पायात सुनंदाची चप्पल होती, दोन बोटं मोठी. खिडकीतून ती म्हणाली, "जाय तू, ऊन होईन." दुपारी तिचा फोन आला. मी विचारलं, चप्पल सापडली का. "आता! तिथीच होती. गोटा ठेवला होता ना."

त्यानंतर बाई माझ्या गाडीत बसली नाही. रुसली असती तर बरं झालं असतं. रुसलेल्या माणसाला मनवता येतं. ती नुसती म्हणते, "एसटीच बरी बाबू, कुठीबी थांबते." पल्लवीच्या लग्नाला एसटीनं आली, पायात एक चप्पल आणि पिशवीत दुसरा जोड. सुनंदानं विचारलं तर म्हणाली, "असू दे एक." मी तिला नंतर पाच चपला घेऊन दिल्या. एक मऊ तळव्याची, एक डॉक्टरी, एक अशी की घालून चाललं तरी कळत नाही. सगळ्या पेटीत आहेत. नवी चप्पल चावते म्हणते.

गाडीचं काय, गाडी छान आहे. तो ओरखडा नागपूरहून काढून आणला, आता शोधूनही सापडत नाही. चामड्याचा वास मात्र वर्षभरात गेला. मी दुकानातून त्याच वासाची बाटली आणून फवारली तर डोकं दुखलं. आता कधी कधी वाटतं, त्या दिवशी झिंग्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बाई बसली असती तर निदान काही वास राहिला असता गाडीत. घरच्यांचा म्हणता आला असता.

परवा काचेवर फूल पडलं तेव्हा मी निघालो होतो एका कामाला. काम सोडलं आणि सरळ गावाला गेलो. मोहापाशी गाडी लावायला वेग कमी केला, आणि लावली नाही. तशीच पाळीवर घातली. खाली खर्रर्र झालं, परत झालं, काहीतरी तुटल्यासारखा आवाज आला. येऊ दिला. बाई पाण्याच्या काठाशी डोंग्यातलं पाणी उपसत होती. आवाज ऐकून वर पाहिलं आणि ओरडली, "अरे, घासून राह्यली ना! येडा झाला का रे तू?"

मी उतरलो. किती वर्षांचं साचलेलं होतं, तिथेच बोललो. "बाई, त्या दिवशी तू चप्पल काढली ती मी आरशात पाहिली होती. मले माहीत होतं. मी मुद्दाम नाई बोललो."

ती डब्यानं पाणी उपसत राहिली. दोन डबे बाहेर टाकले, मग म्हणाली, "मलेबी माईत हाय. तू हासला होता ना."

तीन वर्षं. तीन वर्षं तिला माहीत होतं. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी दुसरीकडे पाहिलं. तलावात बगळे उभे होते.

"चाल," बाई म्हणाली, "जारं टाकलं हाय ते पाहून येऊ. आलाच हायेस त."

मी बूट काढले. मोजे आत कोंबले, बूट पाळीच्या कडेला जोडून ठेवले आणि गोटा शोधायला लागलो. हाताएवढा एक सापडला. वळून पाहतो तर बाईनं माझे बूट उचलले होते. हातानं त्यांची धूळ झटकली आणि डोंग्यात ठेवले. आत, मधोमध, जिथे आम्ही मासोळीची टोपली ठेवतो तिथे. बाबांच्या काळापासून त्या तलावावर आमच्या डोंग्यात कधी कोणाची चप्पल गेली नव्हती.

"बाई, हे काय करून राह्यली?"

"राहू दे सोबत," ती म्हणाली. "चप्पल मांगं राह्यली का लय चटके बसतात बाबू. तुह्या पायाले सवय नाई."

मी हातातला गोटा खाली ठेवला आणि डोंग्यात बसलो. बाईनं बांबू गाळात रोवला आणि डोंगा ढकलला.